माझ्या कानावर घालू नका

हुबळीच्या दाजीबानपेठेत आमचं सुया, दोरे आणि गुंड्यांचं दुकान. समोर पांडुरंगअण्णा रेळेकरांचं कापडाचं. अण्णांचा धाकटा भाऊ नागोजी माझ्या बरोबरीचा, आणि चड्डी घालायच्या वयापासूनचा दोस्त. त्याच्याविषयी लिहायला बसलोय खरा, पण आधीच सांगून ठेवतो, मला व्यायामाचं काडीचं कौतुक नाही. शरीर कमावलेल्या माणसाला लोक रस्त्यात नमस्कार करतात आणि चहाला बोलवायचं मात्र विसरतात. नागोजीचं तसंच झालं. त्याच्या पायी मी तालमीवर जन्माचा राग धरला, तो अजून उतरलेला नाही.

नागोजी रांगता असताना त्याची आई गेली. थोरली बहीण अंबूअक्का तेव्हा लग्न होऊन धारवाडला लाईन बाजारात नांदत होती. तिचे यजमान शिंपीकाम करायचे, त्यांना आम्ही सगळे दाजी म्हणायचो. अक्काला मूलबाळ नव्हतं. आईच्या दिवसांना आली आणि जाताना नागोजीला कडेवर घेऊन गेली. तिथंच तो वाढला, सुट्टीत तेवढा पेठेत यायचा. वाढला म्हणजे काय, नुसता लांब झाला. अंगावर मांस असं नाहीच. गल्लीतली पोरं म्हणायची, याला सुई उचलायला दुसरा माणूस लागतो. ते बोलणं त्याच्यापेक्षा अक्काला जास्त झोंबायचं.

दुकानात हाताखाली कुणीतरी हवं म्हणून अण्णांनी नागोजीला परत हुबळीला मागितलं. अक्का त्याला घेऊन आली, पण स्टेशनवरून घरी न येता आधी तालमीत गेली. मारुतीपुढं नारळ ठेवून तिनं यल्लप्पा वस्तादांना सांगितलं, “हे पोरगं तुमच्या पदरात टाकते. जत्रेतलं चांदीचं कडं याच्या हातात बघायचंय मला.” बाईमाणूस तालमीच्या उंबऱ्यावर उभं राहून बोलतंय म्हटल्यावर वस्तादच गडबडले. त्यांनी हो म्हटलं.

त्या दिवसापासून नागोजीच्या मागं जोर, बैठका आणि लाल माती लागली. गंमत अशी, की हा जन्मजात बैठकीतला माणूस. गप्पांना बसला की उठायचा नाही. नाटक कंपनी गावात आली की पहिल्या अंकापासून डोळे पुसायचा. गिरमिट आणि मिरचीभजी समोर आली की स्वतःचं संपवून माझ्यात हात घालायचा. अशा माणसानं दिवेलागणीला जेवून झोपायचं, तांबडं फुटायच्या आत उठायचं, बाहेरचं खायचं नाही, म्हणजे शिक्षाच की!

सुरुवातीला त्यानं दोन्ही सांभाळायचा फार प्रयत्न केला. नाटकाला यायचा आणि ऐन रंगात उठून जायचा. पुढं काय झालं ते दुसऱ्या दिवशी मला दुकानाच्या पायरीवर बसून सांगावं लागायचं, तेही गाण्यांसकट. आमच्या पेठेतल्या दोस्ताच्या, गोविंदच्या लग्नात तर पठ्ठ्या स्वतःचा दुधाचा तांब्या घेऊन पंगतीला बसला. बासुंदीला बोट लावलं नाही. गोविंदचे वडील सगळ्यांसमोर म्हणाले, “का हो, आमच्या अन्नात विष कालवलंय का?” नागोजी खाली मान घालून बसला. गोविंदनं त्याच्याशी कितीतरी दिवस अबोला धरला. हळूहळू बोलावणी कमी झाली. बारसं, मुंज, सत्यनारायण, लोक म्हणायचे, त्याला कशाला उगाच संकटात टाका.

एकदा माझ्या पायरीवर बसून तो म्हणाला, “गणपत, खरं सांगू? रोज पहाटे उठताना वाटतं, आज नको.”

“मग झोप की. कोण मारतंय तुला?”

“अक्का विचारते की रे.”

अक्का दर आठवड्याला धारवाडहून तुपाचं गाडगं पाठवायची. गाडीनं येणारा-जाणारा कुणी ना कुणी ओळखीचा असायचाच. गाडग्याबरोबर निरोप असायचा, मेहनत चालू आहे ना म्हणून. नागोजीला खोटं बोलता येत नव्हतं, त्यामुळं उठावंच लागायचं. ते तूप तो असा खायचा, की बघणाऱ्याला भूक लागावी.

असं करता करता तो खरोखरच तयार झाला. वस्तादांनी धारवाडच्या जत्रेतल्या कड्याच्या कुस्तीला त्याचं नाव दिलं. आणि जत्रा आठवड्यावर आली असताना नवलगुंदचा एक भाऊबंद वारला. चुलत्याचा कोण चुलता, नागोजीनं आयुष्यात त्याचं तोंड पाहिलेलं नव्हतं. पण भाऊबंदच तो, दहा दिवसांचं सुतक. वस्तादांनी दारातच अडवलं. “सूतक इद्दांव कणक्क इळीबारदु, तम्मा,” ते म्हणाले. सुतक असलेल्यानं कुस्तीच्या मातीत उतरायचं नाही, हे तालमीत शिरणारं शेंबडं पोरही जाणतं. वर्षाची मेहनत त्या न पाहिलेल्या म्हाताऱ्याबरोबर गेली. त्या साली कडं कुंदगोळचा एक पैलवान घेऊन गेला.

नागोजी मग आमच्या बाळाचार्यांकडं गेला. पेठेतली सगळी कार्यं तेच करायचे. त्यानं विचारलं, “आचार्य, मला कळलंच नसतं तर?”

“तर लागलं नसतं,” बाळाचार्य म्हणाले. “सुतक ऐकल्यावर लागतं. ऐकलं नाही तोवर माणूस मोकळा.”

शास्त्रातलं एवढंच वाक्य नागोजी घरी घेऊन आला. संक्रांतीला अक्का आणि दाजी आले होते, सगळे जेवायला बसले होते, मीही होतो. नागोजीनं हात जोडले. “कडं हातात पडेपर्यंत कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण, कुणाचं मयत, काही काही माझ्या कानावर घालू नका. कोण का असेना. शपथ आहे तुम्हाला.”

अण्णा म्हणाले, “बरं.” दाजींनीही मान हलवली. अक्का हसली आणि म्हणाली, “मी मेले तरी नाही सांगणार, जा.” अण्णांची बायको, आमची वहिनी, तिला रागावली, सणासुदीचं असं अभद्र बोलू नये म्हणून. आम्ही सगळेच हसलो. सांगून ठेवतो, त्यात काही अपशकुन वगैरे नव्हता. असं बोलायची तिची रीतच होती.

अक्का तापानं पडली ती जत्रेच्या पंधरवडाभर आधी. मुदतीचा ताप. दाजींनी अण्णांना कळवलं आणि दोघांचं ठरलं, नागोजीला सांगायचं नाही. अण्णा माल बघायला गदगला जातो असं घरात सांगून धारवाडला जाऊन राहिले. वहिनीलाही त्यांनी पत्ता लागू दिला नाही, कारण वहिनीच्या पोटात काही राहत नसे. मलाही कळलं नाही. कळलं असतं तर मी शपथ मोडली असती. निदान आज तरी मला तसं वाटतं.

अक्का पहिले काही दिवस काही बोलली नाही. मग विचारायला लागली, नागू आला का. दाजी म्हणायचे, जत्रा झाली की येईल. एक दिवस तिनं अण्णांचा हात धरला आणि म्हणाली, “असू दे ते कडं. मला एकदा बघू दे त्याला.” अण्णा उठून बाहेर गेले. पुढं बारा वर्षांनी अण्णांनी हे मला सांगितलं, तेव्हाही ते उठून बाहेरच गेले.

ते गप्प का राहिले, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. दुष्टपणा त्यात तिळाएवढा नव्हता. एक वर्ष फुकट गेलेलं त्यांनी पाहिलं होतं. नागोजी भेटायला आला आणि त्याच्या डोळ्यांदेखत ती गेली तर? लग्न झालेल्या बहिणीचं सुतक तीनच दिवसांचं, पण ते नेमकं जत्रेवर आलं तर कडं पुन्हा गेलं. आणि शपथ घातलेली. म्हणून दोघं भली माणसं तिच्या उशाशी बसून तिला उद्यावर ढकलत राहिली. मंगळवारी ती गेली. शुक्रवारी कुस्ती होती.

या सगळ्या दिवसांत तुपाचं गाडगं मात्र नेमानं येत होतं. आलं नसतं तर नागोजीला शंका आली असती, म्हणून दाजी गवळ्याकडून तूप घेऊन अक्काच्याच गाडग्यात भरून पाठवत होते. त्यातलं पहिलं गाडगं आलं तेव्हा मी तालमीत त्याच्याजवळ बसलो होतो. त्यानं एक घास खाल्ला आणि थांबला. मग गाडगं माझ्यापुढं केलं. “बघ रे, कसं लागतंय?”

मी बोट बुडवून चाखलं. “तुपासारखं.”

“हं,” तो म्हणाला, आणि उरलेलं खाल्लं. मला त्यात वावगं काही दिसलं नाही.

शुक्रवारची कुस्ती मी रंगवून सांगणार नाही. मला डाव कळत नाहीत. समोर तोच कुंदगोळचा पैलवान होता. बराच वेळ दोघं एकमेकांच्या मानेवर हात टाकून मातीत पाय रोवून उभे होते, आणि मग एकदम कुंदगोळकर आभाळाकडं तोंड करून पडलेला दिसला. माणसं मैदानात घुसली. वस्ताद रडत होते. गुलालानं नागोजीचे डोळेसुद्धा दिसत नव्हते. मनगटात कडं चढवलं तेव्हा त्यानं गर्दीत इकडंतिकडं पाहिलं आणि मला विचारलं, “अक्का आली नाही?”

“बायका येतात का जत्रेत कुस्त्यांना? घरी आरती घेऊन बसली असेल.” मी आपलं मनचं सांगितलं.

आम्ही हलगी वाजवत लाईन बाजारकडं निघालो. नागोजी खांद्यावर बसायला तयार नव्हता, चालतच होता, आणि इतका भरभर की हलगीवाला मागं पडत होता. गल्लीच्या तोंडाशी अण्णा उभे होते. मला वाटलं, गदगहून थेट इकडंच आले. अण्णांनी हात वर केला.

“हलगी बंद करा.”

ती एकदम बंद झाली नाही. मागच्यांना ऐकू आलं नव्हतं, ते वाजवतच होते. नागोजी मात्र अण्णांच्या चेहऱ्याकडं बघत उभा राहिला, मग त्यांना बाजूला सारून पुढं गेला. दाजी उंबऱ्यात बसले होते. त्यांच्या कपाळाला गंध नव्हतं. आत कोपऱ्यात, जिथं अक्काचं अंथरूण असायचं तिथं, पीठ पसरून वर दिवा ठेवला होता.

नागोजी उंबऱ्याबाहेरच खाली बसला. मनगटातलं कडं त्याला निघेना, घामानं आणि मातीनं अडकलं होतं. ते ओढत ओढत त्यानं विचारलं, “कधी?”

“मंगळवारी,” दाजी म्हणाले. “त्याआधी दोन आठवडे ताप.”

“मला बोलवा म्हणाली नाही?”

दाजी अण्णांकडं बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणाली. रोज म्हणाली. पण तूच शपथ घातली होतीस, नागू.”

मला वाटलं, आता हा ओरडणार. दाजींच्या अंगावर धावून जाणार. त्यानं तसं केलं असतं तर बरं झालं असतं. तो फक्त एवढंच म्हणाला, “तूप तिच्या हातचं नव्हतं.”

“गवळ्याचं होतं रे. तुला कळू नये म्हणून—”

“पहिल्याच घासाला कळलं मला.”

दाजी चाळीस वर्षं कात्री चालवलेला साधा माणूस, मनात काही ठेवून बोलणारा नव्हे. त्यांनी सरळ विचारलं, “मग विचारलं का नाहीस?”

नागोजी मनगटातलं कडं ओढतच राहिला. आम्ही सगळे तिथं उभे होतो, कुणाच्या तोंडाला गुलाल, कुणाच्या हातात फेटा. पहिलं गाडगं आलं तेव्हा अक्का जिवंत होती, हे तिथं प्रत्येकाला कळत होतं आणि त्याला सगळ्यांत जास्त. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं, आणि ऐकलं असतं तर कदाचित कडं गेलं असतं. त्यानं तो घास गिळला होता. मला त्या वेळी त्याचा राग आला, खोटं कशाला सांगू. आणि लगेच इतकी दया आली की मी भिंतीकडं तोंड करून रडलो.

बाळाचार्यांनी तीन दिवस सांगितले, नागोजीनं आईचं धरतात तसं पुरं सुतक धरलं. नंतर तालमीत पाऊल टाकलं नाही. वस्ताद घरी येऊन बसले, समजावलं, शिव्या दिल्या, शेवटी त्याच्या पायाशी वाकले, तरी नाही. अंगाचं मांस दोन वर्षांत उतरलं आणि तो पुन्हा लहानपणीसारखा नुसता लांब माणूस दिसू लागला. अण्णांशी, दाजींशी तो एका शब्दानं वाईट वागला नाही. दाजींना तर शेवटपर्यंत त्यानंच सांभाळलं.

एक मात्र त्याला लागलं, ते कायमचं. सकाळी दुकान उघडायच्या आधी तो पेठेतून एक फेरी मारायचा आणि भेटेल त्याला विचारायचा, “घरात सगळे बरे ना?” असं विचारणारे पुष्कळ असतात, उत्तराची वाट कुणी बघत नाही. हा बघायचा. हमाल, गिऱ्हाईक, पोस्टमन, कुणी नुसती मान हलवली की पुन्हा विचारायचा, मराठीत नाही तर कन्नडात. नवे लोक त्याला वेडसर समजायचे. गोविंदनं एकदा वैतागून सांगितलं, रोज रोज काय विचारतोस, कुणी मेलं तर कळवीन तुला. नागोजी म्हणाला, “आधी सांग. आजारी असतानाच सांग.”

माझा स्वभाव तिरसट, त्यात सकाळी बोहनी झालेली नसायची. कधी कधी मी मुद्दाम उत्तरच द्यायचो नाही. गुंड्या निवडत खाली मान घालून बसायचो. तो पायरीशी उन्हात उभाच राहायचा. त्याचंही दुकान उघडायचं असायचं, समोर गिऱ्हाईक खोळंबलेलं असायचं, तरी तो हलायचा नाही. शेवटी मलाच मान वर करावी लागायची आणि म्हणावं लागायचं, “बरे आहेत, नागोजी. सगळे बरे आहेत.”