खळ्यावरचा बंब

आमच्या घरी आगीचा बंब होता.

सायकल नव्हती, रेडिओ नव्हता, पाहुण्याला द्यायला धड खुर्चीही एकच होती. पण बंब होता. (पाणी तापवायचा नव्हे, तो तर सगळ्यांकडेच असायचा. आग विझवायचा, चार चाकांचा, लाल.) निखिल, तू परवा तिकडच्या जुन्या बंबांच्या मेळाव्याचे फोटो पाठवलेस आणि मीरानं विचारलं, "आजी, तुझ्या लहानपणी बंब असायचे का गं?" असायचे. एक तर आमच्या दारात होता. तेव्हा जे झालं ते क्रमानं सांगते. क्रमाशिवाय मला काही जमत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्या दिवशीचा घोटाळासुद्धा मी अगदी क्रमानंच केला होता.

एकोणीसशे पन्नासचं दशक होतं. माझे बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते आणि आम्ही थेरगावात खंडूतात्यांच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव होता. घरी पाणी साठवायला बाबा तिथून एक टाकी आणायला गेले आणि टाकी आणलीच. फक्त तिच्याखाली चाकं होती, पुढे इंजिन होतं, वर लाकडी शिडी होती आणि बाजूला पितळी घंटा.

"हे काय?" आईनं विचारलं.

"टाकी," बाबा म्हणाले.

"आणि घंटा?"

"ती सोबत आली."

बंब विलायती होता आणि वयानं बाबांपेक्षा थोडासाच लहान असावा. तो ठेवायला जागा एकच होती, घरामागचं तात्यांचं खळं. पुढची दोन वर्षं बाबांचा प्रत्येक रविवार त्या बंबाखाली गेला. आम्हाला त्यांचे फक्त पाय दिसायचे. कारखान्यातले डिसूझा काका मदतीला यायचे; मग चार पाय दिसायचे. दोघं मिळून इंजिन उघडायचे, पुसायचे, बंद करायचे, आणि एक स्क्रू उरला की पुन्हा उघडायचे. पितळ घासायला चिंच लागायची. आमच्या घरची आमटी त्या काळात आंबट लागत नसे, पण घंटेत तोंड दिसायचं.

तात्या मनाचे मोठे, पण शेतकरी माणूस. त्या वर्षी बाजरी चांगली आली होती. नवरात्राच्या तोंडावर ते कमरेवर हात ठेवून बंबापुढे उभे राहिले.

"मास्तर," (ज्याच्या घरात दोनाहून जास्त पुस्तकं तो तात्यांच्या लेखी मास्तर) "दोन साल झाली. माझी बाजरी काय तुमच्या शिडीवर मळू?"

"तात्या, आता फार काम नाही राहिलं. पाणी मारेल तो."

"कवा?"

"दसऱ्याला," बाबा बोलून गेले.

"बरं. दसऱ्याला समद्या गावादेखत पानी मारून दावा. मारलं तर ऱ्हाऊ दे हितंच, मी बाजरी तिकडं पल्याड मळीन. न्हाई मारलं, तर त्याच दिशी भंगारवाला गाडी घिऊन यील. मी सांगावा धाडतो."

त्या रात्री बाबा जेवले नाहीत. आई म्हणाली, "लोखंडासाठी कोणी उपाशी राहतं का?" आणि स्वतःही जेवली नाही.

आता माझ्याकडे वळते. मी आठवीत होते, नुकतंच शाळेत इंग्रजी सुरू झालं होतं आणि माझ्याइतकी व्यवस्थित मुलगी पवना नदीच्या दोन्ही काठांवर नाही, असं माझं मत होतं. (इतरांना विचारण्याची गरज मला वाटली नव्हती.) मी घरातल्या प्रत्येक डब्यावर इंग्रजीत चिठ्ठी लावली होती. आईला इंग्रजी येत नसल्यामुळे ती प्रत्येक डबा उघडून बघायची, म्हणजे पूर्वीसारखीच. दसऱ्याचा कार्यक्रमही मीच लिहून काढला. तीन वाजता घंटा. तीन वाजून पाच मिनिटांनी आग पेटवणे. तीन वाजून दहा मिनिटांनी आग विझवणे. बाबांनी तो कागद बंबाच्या काचेला चिकटवला तेव्हा मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

दसऱ्याच्या सकाळी बाबांनी आणि डिसूझा काकांनी पवनेवरून कावडीनं पाणी आणून टाकी भरली. नळीत कचरा जाऊ नये म्हणून टाकीच्या तळाला असलेली जाळी बाबांनी कल्हईला दिली होती, ती काही वेळेवर आली नाही. "एका दिवसानं काय बिघडतंय," डिसूझा काका म्हणाले.

तिकडे आईनं घट हलवले. नऊ दिवसांच्या नऊ माळा, झेंडूच्या, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून माझ्या हातात दिल्या. "निर्माल्य आहे. कुठे टाकू नकोस. पवनेच्या पाण्यात सोडून ये."

मी गाठोड्याला चिठ्ठी लावली, कारण चिठ्ठीशिवाय गाठोडं मला बघवत नसे. शाळेत तेव्हा पत्रलेखन चाललं होतं, म्हणून चिठ्ठी रीतसर इंग्रजीत, पुठ्ठ्यावर, कॉपिंग पेन्सिलीनं लिहिली. प्रति, पवना नदी. सोबत नऊ माळा. खाली 'युवर्स ओबीडियंटली' आणि माझी सही, इयत्तेसकट.

मग मी पायांकडे पाहिलं. नवा परकर होता. नदीकाठी चिखल होता. आणि कार्यक्रमपत्रिकेत नदीवर जाऊन यायला वेळच ठेवलेला नव्हता.

मी व्यवस्थित विचार केला. निर्माल्य पवनेच्या पाण्यात सोडायचं. पवनेचं पाणी कुठे आहे? नदीत आहे आणि आज सकाळपासून बंबाच्या टाकीतही आहे. त्यातलं जवळचं कोणतं?

टाकीचं झाकण उघडलं, हात जोडले, गाठोडं सोडलं, झाकण लावलं. परकराला एक थेंब लागला नाही.

तीन वाजता सगळं गाव खळ्यावर जमलं. तात्या नवा पांढरा फेटा बांधून पुढे बसले होते. भंगारवालाही बैलगाडी घेऊन आला होता आणि बंबाकडे, भाजीवाला कोबीकडे बघतो तसं, अंदाजानं बघत होता. बाबांनी घंटा वाजवली. डिसूझा काकांनी मोडक्या पाट्या आणि पाचटाचा ढीग पेटवला. इंजिन तीन हिसक्यांत सुरू झालं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी दोन्ही हातांनी नळी धरली, काकांनी चाक फिरवलं आणि नळीच्या तोंडातून, खोकल्यासारखा एक आवाज आला.

बस्स. आवाजच.

"पानी कुठंय?" तात्यांनी विचारलं.

"येतंय," बाबा म्हणाले.

पाणी आलं नाही. वारा मात्र आला. पाचटाच्या ठिणग्या उडाल्या आणि त्यातली एक तात्यांच्या कडब्याच्या गंजीच्या कडेला जाऊन बसली. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. पत्रिकेप्रमाणे आग विझायला हवी होती.

"मास्तर, कडबा!" तात्या उठले. "माझी जनावरं सालभर काय खातील?"

"बादल्या आणा गं," आई ओरडली. बायका घराकडे पळाल्या. भंगारवाल्यानं बैल सोडून लांब नेले. बाबांचा चेहरा मला अजून दिसतो. दोन वर्षांचे सगळे रविवार त्या चेहऱ्यावर होते. आणि मला, मुलांनो, तेव्हाच गाठोडं आठवलं.

"दाब वाढव, डिसूझा!" बाबा म्हणाले.

"और बढाएगा तो फटेगा!"

"फुटू दे!"

काकांनी चाक फिरवलं. नळी फुगली, थरथरली, बाबांना दोन पावलं मागे घेऊन गेली, आणि मग तिच्या तोंडातून धडाड्कन झेंडू बाहेर पडला. आधी पाकळ्या, मग गोंडे, मग दोऱ्यासकट माळांचे तुकडे! सबंध खळ्यावर पिवळा-केशरी पाऊस झाला. वीतभर माळ तात्यांच्या नव्या फेट्यावर बसली आणि त्यांच्या कानावर लोंबत राहिली. त्यामागोमाग पाण्याची धार सुटली. बाबांनी ती थेट गंजीवर धरली. मिनिटाभरात आग गेली. कडबा कडेला हातभर जळला, बाकी वाचला.

तात्यांनी कानावरची माळ उतरवली, उलटीपालटी करून पाहिली आणि डोळ्यांना लावली.

"आधी फुलं, मंग पानी," ते हळूच म्हणाले. "देवी आईनं कौल दिला. मास्तर, ह्यो बंब आता हितनं हलायचा न्हाई."

भंगारवाला सगळ्यांत आधी पाया पडला. हळदीकुंकू घेऊन बायका पुढे सरसावल्या. बाबा भिजलेले, नळी हातात धरून तसेच उभे होते. ते फक्त नळीच्या तोंडात बोट घालून बघत होते. मी घरात जाऊन इंग्रजीचं पुस्तक उघडून बसले. कोणी काही विचारलं नाही, आणि मी सुटले असं समजून चालले.

वर्ष गेलं. दसरा आला. गाव पुन्हा जमलं, या खेपेला शेजारच्या वाकडवरूनही लोक आले. फुलं आधी आणि पाणी मग, हे सगळ्यांना पाहायचं होतं. सकाळी बाबांनी मला बंबामागे बोलावलं. त्यांच्या हातात नऊ माळांचं गाठोडं होतं.

"जाळी मी काढून ठेवली आहे," ते म्हणाले. "टाक."

मी काहीच न कळल्याचा चेहरा केला. तेव्हा त्यांनी खिशातून पुठ्ठ्याचा एक तुकडा काढला. खाली माझी सही होती, इयत्तेसकट. कॉपिंग पेन्सिलीची एक खोड असते, पाणी लागलं की अक्षर पुसत नाही, उलट जांभळं होऊन उठून दिसतं. गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी टाकी धुताना तो तुकडा त्यांना सापडला होता. वर्षभर त्यांनी तो खिशात बाळगला होता.

"अक्षर छान आहे," बाबा म्हणाले. "या वर्षी मात्र चिठ्ठी लावू नकोस."

तात्या असेपर्यंत दर दसऱ्याला आमच्या बंबानं फुलं उधळली. पुढे त्या खळ्यावरून रस्ता गेला आणि बंब एका कारखान्याच्या फाटकाशी शोभेला उभा राहिला. चिठ्ठी माझ्याकडेच आहे. फोटोच्या बदल्यात तीच तुम्हाला या पाकिटातून पाठवते आहे, सोबत खोबऱ्याच्या वड्यांचा डबा. डब्यावर नेहमीप्रमाणे आत काय आहे ते लिहिलं आहे.

सही केलेली नाही.