बासष्ट टक्क्यांवर

कहतान अब्दुल वाहिदच्या दुकानात काउंटरमागे एक पाटी होती, त्याच्याच अक्षरातली: "चालत्या यंत्राचं फर्मवेअर बदलून मिळणार नाही." बसऱ्याच्या अशार बाजारात लॅपटॉप दुरुस्त करणारे अकरा जण होते, आणि एखादं काम करणार नाही हे लिहून ठेवणारा हा एकटाच. त्यामुळे लोकांचा त्याच्यावर फार विश्वास होता.

कुणी विचारलंच, की हे फर्मवेअर म्हणजे काय, तर तो सांगायचा, "सकाळी डोळे उघडल्यावर आपण कोण हे माणसाला आठवतं ना? यंत्राचं ते आठवणं. ते बदलता बदलता वीज गेली, की यंत्र डोळे उघडतं, पण कोण ते त्याला ठाऊक नसतं." मग तो खिडकीबाहेरच्या तारांच्या जंजाळाकडे नुसती नजर टाकायचा. अधिक बोलायची गरज पडत नसे. आमच्याकडे सरकारी वीज दोन तास येते, तीन तास जाते; मधल्या वेळी गल्लीचा जनरेटर. जनरेटरवर एक दिवा, एक पंखा आणि एखादं यंत्र चालतं. एसी चालतो तो फक्त सरकारीवर. म्हणून प्रत्येक घरात, प्रत्येक दुकानात दाराजवळ एक खटका असतो, वर सरकारी, खाली जनरेटर, आणि खटक्याशेजारी सरकारी तारेला जोडलेला एक छोटा लाल दिवा. दिवा लागला की सरकारी आली. मग जो जवळ असेल तो उठतो आणि खटका वर करतो. हे कुणी कुणाला शिकवत नाही.

तरुणपणी कहतान बंदराच्या वायरलेस स्टेशनात होता. दोन लढायांत ते स्टेशन दोनदा पडलं आणि एकदा उभं राहिलं. जे उरलं त्यातून त्यानं धीर धरायची सवय तेवढी बरोबर आणली. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याचा हात कापत नव्हता, आणि या गोष्टीचा त्याला थोडा अभिमान होता.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी सित्त बल्किस आल्या. जीवशास्त्राच्या निवृत्त बाई; शाळेतल्या बाईंना आमच्याकडे सित्त म्हणतात. कहतानची मुलगी रफल, जिच्यावरून सगळे त्याला अबू रफल, म्हणजे रफलचा बाप, म्हणत, त्यांच्याच हाताखाली शिकली होती. त्यांनी लॅपटॉप ओढणीत गुंडाळून आणला होता, आजारी कोंबडीसारखा.

"अबू रफल, हा दहा मिनिटांत मरतो."

"मरू दे, सित्त. दुसरा घ्या."

"दुसरा घेईन. यातली झाडं कुठून घेऊ?"

झाडं म्हणजे खजुराची. सव्वीस वर्षं बाई अबुल खसीबच्या बागांतून हिंडल्या होत्या. बरही, साइर, हल्लावी, आणि ज्यांची नावं त्या त्या बागवानाच्या घरापलीकडे कुणाला ठाऊक नव्हती अशा जाती. एकशे बारा झाडं. प्रत्येकाचे बुंध्यापासून बीपर्यंत फोटो, मालकाचं नाव, कुणी कधी लावलं त्याची हकिगत. नदीत समुद्राचं खारं पाणी चढायला लागलं, तशी त्यातली निम्म्याहून अधिक झाडं उभ्या उभ्या वाळली. पुन्हा जाऊन फोटो काढायचे तर आता बुंधेही नव्हते. शेती महाविद्यालयानं पुस्तक छापायचं कबूल केलं होतं. गुरुवारी सगळं त्यांच्या हाती द्यायचं होतं. त्यानंतर छापणारे साहेब निवृत्त होणार होते, आणि पुढच्या साहेबांना खजूर आवडतो की नाही हे कुणाला माहीत नव्हतं.

कहताननं यंत्र उघडलं. बॅटरी उशीसारखी फुगली होती. ती त्यानं आधी बाहेर काढली. पंखा स्वच्छ केला, चिपेवरचा वाळलेला लेप खरवडून नवा लावला. पंखा फिरेना. थेट वीज दिली तर फिरे, पण त्यासाठी वायर बोर्डावरून सोडवली की यंत्र चालूच होईना. म्हणजे पंखा निर्दोष होता, त्याला कुणी उठवतच नव्हतं. कंपनीच्या साइटवर कबुली सापडली: जूनच्या अपडेटनंतर काही यंत्रांत पंखा सुरू होत नाही. उपाय: नवं फर्मवेअर.

कहताननं स्वतःची पाटी वाचली आणि आधी फोटोंची प्रत काढायला घेतली. डिस्क बोर्डावरच पक्की बसवलेली होती, काढून दुसऱ्या यंत्राला लावायची सोय नव्हती. गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या यंत्राखाली ठेवायच्या, नऊ मिनिटं कॉपी करायची, यंत्र मेलं की बाटल्या बदलायच्या. बाई समोर बसून नूमीचा, म्हणजे वाळवलेल्या लिंबाचा, आंबट चहा पीत झाडं मोजायच्या. शनिवार-रविवार मिळून एकतीस झाडं झाली.

सोमवारी सकाळी त्यानं हिशेब केला. एक्याऐंशी झाडं उरली होती आणि तीन दिवस. बर्फही पुरा पडत नव्हता. अपडेट सात मिनिटांचं. मग पंखा फिरेल आणि राहिलेलं सगळं दुपारपर्यंत उरकेल.

"सित्त, ते अपडेट करूनच टाकू या का?"

"तुमची पाटी काय म्हणते?"

"पाटी चालत्या यंत्राबद्दल आहे. हे कुठं चालतंय?"

पंधरा वर्षांत पाटीला पहिल्यांदाच पळवाट सापडली, आणि ती लिहिणाऱ्यालाच सापडली.

यंत्र मात्र त्याच्याहून शहाणं होतं. "बॅटरी आढळली नाही. अपडेट करता येणार नाही," असं त्यानं स्वच्छ लिहून दिलं. पण हुकमाच्या शेवटी एक शब्द जोडला की ही अट गळते, आणि तो शब्द कहतानला माहीत होता. त्याच्याकडचा यूपीएस शिंक येईपर्यंतच टिकायचा. शेजारच्या फोटोवाल्याचा चांगला होता, पण फोटोवाला लग्नाच्या कामाला गेलेला. म्हणून तो जनरेटरवाल्याकडे गेला.

जनरेटरवाल्याला सगळे अबू घायिब म्हणत. मूल नसलेल्या माणसाला आमच्याकडे 'अजून न आलेल्याचा बाप' म्हणायची रीत आहे. अबू घायिब बासष्ट वर्षांचा होता आणि अजून कुणी आलं नव्हतं.

"दहा मिनिटं जनरेटरला हात लावू नकोस. तेल नाही, पट्टा नाही, काही नाही."

"ऑपरेशन करतोस की काय?"

"तसंच समज."

"कुणाचं?"

"सित्त बल्किसच्या यंत्राचं."

अबू घायिब खुर्चीतून उठला. "मग मी इथून हलतच नाही. त्या बाईंनी मला सहावीत दोनदा बसवलंय."

सरकारी दहाला गेली होती. एकच्या आत ती यायची नाही हे पोरंसोरंही सांगतील. कहताननं दुकानातला पंखा बंद केला, चहाची शेगडी बंद केली, बाजूच्या शिंप्याला इस्त्री लावू नको म्हणून सांगून आला. वीज जायच्या जेवढ्या वाटा होत्या, तेवढ्या सगळ्या त्यानं बुजवल्या. सव्वाअकराला बटण दाबलं.

पडद्यावर पांढरी पट्टी सरकू लागली. दहा टक्के. तीस. बाई ओढणीनं वारा घेत होत्या. कहतान दाराजवळ उभा होता, कारण यंत्राजवळ उभं राहणं त्याला सहन होईना. पन्नास. साठ.

बासष्टवर लाल दिवा लागला.

बाजारातून आरोळी उठली, "आली! आली! सरकारी आली!" समोरचे एसी एकामागून एक घरघरू लागले. आणि कहताननं पाहिलं की त्याचा उजवा हात खटक्यावर आहे आणि खटका वर गेलेला आहे.

खटका खालून वर जाताना अर्धा सेकंद कुठलीच वीज नव्हती. दुकानातला एसी सुरू झाला, गार वारा आला. लॅपटॉपचा पडदा काळा पडला. आणि दोन महिने झोपलेला पंखा त्याच क्षणी पूर्ण वेगानं फिरू लागला, थांबेचना.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"अजून नाही," कहतान म्हणाला. "अडकलंय. पाहतो. तुम्ही घरी जा."

त्यानं बटण तीस सेकंद दाबून धरलं. कंपनीची फाइल पेनड्राइव्हवर घालून सांगितलेल्या कळा दाबल्या. आतली नाण्याएवढी बॅटरी काढून तासभर ठेवली, परत घातली. दर वेळी तेच: पंख्याचा आवाज आणि काळा पडदा. शेवटी फर्मवेअरच्या चिपेला चिमटा लावून तिच्यातलं सगळं बाहेर वाचून काढलं. खालचा भाग नवा होता, वरचा जुना. त्यानं फाटलेलं शिवायचं तसं ते जोडलं, मशीनचा नंबर आपल्या जागी ठेवला, परत लिहिलं, तपासलं, चुकलं, पुन्हा लिहिलं. मंगळवार त्यातच गेला. आल्यागेल्याला तो एवढंच सांगायचा, "विजेनं मारलं." यावर बसऱ्यात कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. मेलेले फ्रीज, मेलेल्या मोटारी, मोडलेले साखरपुडे, सगळं विजेच्या नावावर जातं. वाक्य खोटं नव्हतं. त्याची बायको जेवताना म्हणाली, "अबू रफल, तुम्ही डाव्या हातानं का जेवताय?" तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

बुधवारी सकाळी यंत्रानं डोळे उघडले. आपण कोण ते त्याला आठवलं. कहतान कोण ते मात्र आठवलं नाही: डिस्कला कुलूप होतं, आतली चिप बदललेली दिसत होती, कृपया अठ्ठेचाळीस आकडे टाका.

बाई आल्या, तेव्हा त्यानं त्यांना बसवलं. चहा दिला. मग उभ्यानंच म्हणाला, "सित्त, विजेनं नाही मारलं. सरकारी आली आणि मीच खटका वर केला. माझ्या या हातानं. हा आकडा मिळाला नाही, तर पुढची एक्याऐंशी झाडं गेली."

बाईंनी चहा खाली ठेवला. लाल दिव्याकडे पाहिलं.

"मीही उठले होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही दाराजवळ होतात, एवढंच."

मग त्यांनी स्वीडनला, माल्मोतल्या भाच्याला, औसला फोन लावला. कुलूप औसनंच घातलं होतं, तीन वर्षांपूर्वी, सुट्टीवर आला असताना.

"मावशी, मी तेव्हाच आकड्याचा फोटो पाठवला होता! जपून ठेव म्हणालो होतो!"

"मी सगळंच जपून ठेवते. कुठं पाठवला होतास?"

"घरच्या ग्रुपवर."

"ग्रुपवर चौतीस जण आहेत, औस."

"मग एकाकडे तरी राहील, म्हटलं."

एवढं भक्कम कुलूप, आणि त्याची किल्ली चार देशांतल्या चौतीस नातेवाइकांकडे. यावर काही म्हणायचा अधिकार कहतानला उरला नव्हता. दोघं फोनवर वाकून मागे मागे सरकत गेले. शुक्रवारच्या शुभेच्छा, गुलाबाचं फूल. पुन्हा शुक्रवार, पुन्हा गुलाब. एकशे पन्नासेक शुक्रवार, दर शुक्रवारी बारा-पंधरा गुलाब. मध्येच कुणाचं बारसं, कुणाची मयत, कुणाचे गुडघे. मशिदीतल्या नमाजाच्या जमाअतीची वेळ झाली, गेली. बाईंचं बोट दुखायला लागलं, तेव्हा कहताननं डाव्या हातानं फोन घेतला.

दोन गुलाबांच्या मध्ये तो फोटो होता. आकड्यांच्या आठ ओळी, जरा तिरक्या. खाली बसऱ्यातल्याच एका चुलतबहिणीनं लिहिलं होतं: "माशाल्लाह! किती छान!"

"तुम्ही टाका," कहतान म्हणाला.

बाईंनी एका बोटानं अठ्ठेचाळीस आकडे टाकले. चुकले. चष्मा पुसला, पुन्हा टाकले. पडदा निळा झाला आणि मग त्यावर एक खजुराचं झाड उभं राहिलं, शेंड्याशी कुणीतरी दोरावर लटकून हसत असलेलं. पंखा हळूच सुरू झाला, मग शांत झाला, मग यंत्राला जेवढं हवं तेवढं फिरू लागला.

"तो हसणारा कोण?" कहताननं विचारलं.

"हाज्जी मुतलक. झाडाच्या आधी तो गेला." बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "बत्तिसावं लावा."

कॉपी सुरू झाली. चाळिसाव्या झाडावर असताना लाल दिवा लागला. बाहेर आरोळी उठली. सगळा बाजार गार होऊ लागला. कहतान मांडीखाली हात घालून बसला. बाई ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, उलगडत राहिल्या. दोघांच्याही कपाळावरून घाम ओघळत होता आणि दोघंही दिव्याकडे बघत नव्हते.

पाच मिनिटांनी अबू घायिब तणतणत दारात आला. "काय रे, मेलास की काय? सगळी गल्ली सरकारीवर गेली, तू एकटा माझं डिझेल जाळतोयस!" आणि बोलता बोलता, रागात, त्याचा हात आपसूक खटक्याकडे गेला.

दोघं इतक्या जोरानं ओरडले, की शिंपी इस्त्री टाकून बाहेर आला. अबू घायिबचा हात हवेतच थांबला.

"खाली घे तो," सित्त बल्किस म्हणाल्या. "आणि बस. अजून बहात्तर झाडं आहेत."

अबू घायिब बसला. सहावीपासूनची सवय होती.