माझ्या भावाचा दादा

क्वेसी गेल्याची बातमी माझ्या धाकट्या भावाने, सुरेशने, मला मी काम करतो त्या ग्रंथालयातल्या फोनवर दिली. "दादा गेला," एवढंच म्हणाला. आमच्या घरात दादा म्हणजे मी... मग तो रडत रडत म्हणाला, घानातल्या अक्राहून फोन आला होता.

क्वेसी घानाच्या राष्ट्रीय संघाचा नावाजलेला मिडफिल्डर. तिकडे त्याच्याकडून हॉटेलवाले पैसे घेत नाहीत, असं सुरेश सांगायचा, जणू स्वतः तिथे जेवून आलाय. उतरत्या काळात क्वेसी मुंबईच्या एका क्लबकडून खेळायला आला, गुडघा गेला, आणि परतायचं सोडून वाशीत खोली घेऊन आमच्या शिरवणे गावातल्या पोरांचा कोच झाला. गेल्या वर्षी आजारी पडून मायदेशी गेला, तो परत आलाच नाही. सुरेशला सायकल मी शिकवली, गणितं मी शिकवली. पण त्याचं प्रत्येक वाक्य 'दादा म्हणतो' असं सुरू व्हायचं आणि तो दादा मी नसायचो.

रविवारी क्वेसी आमच्याकडे जेवायचा. आई सुकटीचं कालवण वाढत म्हणायची, "खा रं बाला, नुसता लांब झालास."

"आई, मास्तरला पन दे. तो बुक खाऊन जगतो," क्वेसी माझ्याकडे बोट दाखवत म्हणायचा.

सगळे हसायचे. मीही हसायचो.

एकदा मैदानावर गेलो. गुडघ्याला पट्टा बांधून तो मधोमध जवळजवळ उभाच होता. बाकीचे धावून दमत होते आणि चेंडू मात्र त्याच्याकडेच यायचा. त्या दिवशी मला त्याचा राग आला नाही. हेवा वाटला, आणि तो अजून गेलेला नाही.

वडील गेले तेव्हा सुरेशने मुंडण करू दिलं नव्हतं. संघातली पोरं हसतील म्हणून. क्वेसीची बातमी आली त्या संध्याकाळी मात्र तो न्हाव्याकडून डोकं तुळतुळीत करून आला. आई हादरली. "मोठा भाऊ जिता हाय ना रं तुझा! कोन करतं असं?"

"दादा होता तो माझा," सुरेश म्हणाला.

मी वाचत होतो. वाचतच राहिलो.

चेंडू पायाशी यायच्या आत क्वेसी दोन्ही खांद्यांवरून मागे नजर टाकायचा. परवा वाशीत रस्ता ओलांडताना सुरेशने तेच केलं. आधी उजवा खांदा, मग डावा. मागून चालताना मी बघत होतो, याच्यात माझं काय उतरलंय... पलीकडे पोचून त्याने हाक मारली, "दादा, चल ना!"

मी उभाच राहिलो. हाक मला आहे, हे कळायला थोडा वेळ गेला.