इंजिन गेल्यावर

व्हिएनला रेल्वेगाडीची भीती वाटते असं कुणी सांगितलं असतं, तर हनोईच्या नदीपलीकडे, झा-लामच्या रेल्वे वसाहतीत लोकांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. हा माणूस इंजिनात कोळसा मारण्यापासून वर चढत चढत ड्रायव्हर झाला, हायफाँगच्या गाड्या चालवून डोक्याचे केस पांढरे करून निवृत्त झाला, आणि तो गाडीला भितो? पण भीत होता. हयातभर भीत होता, आणि ते फक्त त्याच्या बायकोला, सेनला, ठाऊक होतं.

सगळ्या मार्गाची भीती नव्हती. शेतातून गाडी कशी मजेत पळायची. पण नदीवरचा जुना लोखंडी पूल ओलांडून ती हनोईत शिरली, की घरं दोन्ही बाजूंनी अंगावर येत. त्या गल्लीतल्या लोकांना रूळ म्हणजे आपलं अंगणच. तिथेच भाजी चिरायची, तिथेच पोरांना आंघोळ घालायची, शेगडी पेटवायची, कपडे वाळत घालायचे, आणि गाडी आली की सगळं उचलून आत. वर खिडकीत बसून हे बघताना व्हिएनच्या तोंडचं पाणी पळायचं. ब्रेक दाबला म्हणून गाडी जागच्या जागी उभी राहत नाही, हे त्या भाजी चिरणाऱ्या बाईला माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं. शिवाय इंजिनाच्या नाकाखाली एक पट्टा असा असतो, की तो खिडकीतून दिसतच नाही. तिथे कुत्रं बसलेलं असलं तरी दिसत नाही आणि लहान मूल उभं असलं तरी दिसत नाही.

मग तो भोंगा दाबून धरायचा, दातावर दात रोवायचा आणि एकेक घर मागे टाकायचा. आपली खिडकी एखाद्या घराच्या पुढे गेली की ते घर सुटलं. मग पुढचं. असं करत गल्लीतलं शेवटचं घर सुटलं, की त्याचा जीव भांड्यात पडायचा. साथीदार ड्रायव्हर हसायचे. म्हणायचे, व्हिएनदादा गल्लीभर श्वास घेत नाहीत, पलीकडे गेल्यावर एकदम सोडतात. चेष्टा होती, पण खोटी नव्हती.

त्या गल्लीत त्याच्या हातून कधी कोंबडीसुद्धा मेली नाही. माणूस मेला तो भलत्याच ठिकाणी, भातखाचरांमधल्या एका फाटकापाशी, भर दुपारी, मोटारसायकलवरून आडवा आलेला. दोष व्हिएनचा नव्हता. सगळे तेच म्हणाले, मेलेल्याच्या थोरल्या भावानेही म्हटलं. पण सेनने त्याला हाताला धरून त्या जागी नेलं, उदबत्त्या लावल्या आणि वाट चुकलेल्या जिवासाठी मीठ-तांदूळ उधळले. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली की आता जेव. तो जेवला. मात्र त्यानंतर जेवणाच्या डब्याबरोबर मीठ-तांदळाची पुडीही रोज जाऊ लागली, आणि गल्ली यायच्या आधी पुलावरच तो चिमूटभर खिडकीबाहेर सोडू लागला.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने कॉफीचं दुकान थाटावं, तेही नेमक्या त्याच गल्लीत, याला काय म्हणायचं?

थोआ आईवर गेली होती. कशाला म्हणून भ्यायची नाही. तिचा नवरा जहाजावर, वर्षातून एकदा घरी. गल्लीत आता परदेशी पाहुण्यांची रीघ लागली होती. रुळांना खेटून बसायचं, फेटलेलं अंडं घातलेली कॉफी प्यायची आणि नाकासमोरून गाडी जाताना बघायची, यासाठी लोक विमानाने येऊ लागले होते. गल्लीतलं एक दुमजली खुराडं भाड्याने मिळालं आणि थोआ लेकीला घेऊन तिथे राहायला गेली. खाली दुकान, वर बिऱ्हाड. लेकीचं लाडाचं नाव तेप, म्हणजे बारकी कोळंबी. शाळेत नुकती जाऊ लागलेली. उंचीने एवढीशी, की व्हिएनने मनातल्या मनात तिला इंजिनापुढे उभी केली आणि ती त्याला दिसली नाही.

त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. दुकानात तो पाऊल टाकेना. थोआ रविवारी पोरीला घेऊन नदीपलीकडे झा-लामला यायची, आणि जेवताना भांडण ठरलेलं. पोरीला माझ्याकडे ठेव, इथली शाळा चांगली आहे, हे त्याचं पालुपद. तिथली सगळी पोरं रुळांवरच वाढली आहेत, कुणाला काही झालं का, हे तिचं उत्तर. तो आवाज चढवायचा, ती भांडी आपटायची, आणि तेप दोघांकडे आळीपाळीने बघत भात चिवडायची.

शेवटी सेनचं श्राद्ध आलं. थोआने निरोप धाडला, आईचं पान यंदा माझ्या घरी, तुम्हाला यावंच लागेल. मग फोनवर तिने आणखी एक गोष्ट कबूल केली.

"एक गाडी जाऊ द्या तुमच्या डोळ्यांदेखत. खालून बघा. त्यानंतरही तुम्ही म्हणालात की हे पोरीसाठी बरं नाही, तर तिचं दप्तर मी स्वतः आणून देईन. मग मी तोंड उघडणार नाही."

म्हणजे पोरगी मिळणार. फक्त एक गाडी बघायची. व्हिएनने सकाळी पिवळी शेवंती घेतली, केळ्यांचा घड घेतला आणि पूल ओलांडून निघाला, पण गल्लीच्या तोंडाशी येऊन थबकला.

आयुष्यात पहिल्यांदाच तो ती गल्ली जमिनीवरून बघत होता. वरून ती अरुंद वाटायची, खालून तर ती नुसती फट होती. रुळांच्या दोन्ही अंगांना बुटकी स्टुलं, त्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसलेले धिप्पाड पाहुणे, डोक्यावर कंदील. कुणी बाटलीची बुचं रुळावर मांडून ठेवत होतं, गाडीखाली चपटी करून घरी न्यायला. एक मुलगी चक्क रुळांवर आडवी पडून फोटो काढून घेत होती. व्हिएनने डोळे फिरवले आणि भिंतीला हात लावत लावत, घरांच्या कडेकडेने, मुलीचं दुकान गाठलं.

शेजारच्या दारात न्हानआजी बसली होती. गल्लीतली सर्वांत जुनी रहिवासी, जन्म तिथलाच, जीभ अजून तिखट. थोआने ओळख करून दिली तसं तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"हेच का ड्रायव्हर? भाऊ, भिंत पडत नाही, सोडा तिला," ती म्हणाली.

वरच्या मजल्यावर देव्हाऱ्यात सेनचा फोटो होता. व्हिएनने उदबत्त्या लावल्या, फुलं ठेवली. पान मांडलेलं होतं, उकडलेली कोंबडी, लाल चिकट भात, बांबूच्या कोंबांचं सूप. उदबत्ती विझेपर्यंत पानाला हात लावायचा नाही, म्हणून तो खिडकीशी उभा राहिला. खाली रूळ इतके जवळ होते की खिडकीतून थुंकलं असतं तर त्यांवर पडलं असतं. तू असतीस तर पोरीला इथे राहू दिलं असतंस का, असं त्याने फोटोला विचारलं. सेनने बहुधा राहू दिलं असतं, हे त्यालाही ठाऊक होतं, आणि त्याचा त्याला रागच आला.

इतक्यात गल्लीच्या टोकाकडून हाक उठली. एका घराने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी ती दारोदार करत आली. गाडी. थोआने खालून बापाला बोलावलं.

तो जिना उतरला तेव्हा गल्लीचं रूपच पालटलं होतं. स्टुलं एकात एक जाऊन आत गेली होती, कापडी छपरं दुमडली होती, कपड्यांच्या काठ्या उभ्या झाल्या होत्या. पाहुण्यांना ओरडून ओरडून रुळांकडेला मारलेल्या पिवळ्या रेघेच्या मागे दाबलं जात होतं. तेप केव्हाच भिंतीला पाठ टेकवून उभी होती. दोन्ही टाचा भिंतीला, पोट आत. तिने आजोबांना आपल्या शेजारची जागा दाखवली.

"इथं. हात बाहेर काढायचा नाही. पिशवी पण नाही," ती बजावून म्हणाली.

व्हिएनने तिचा हात धरला. इवलासा, कॉफीच्या दुधाने चिकट झालेला हात. दुकानाच्या दारातून थोआ त्याच्याकडे बघत होती, बोला आता, असा चेहरा करून. त्याची पाचावर धारण बसली होती. पायाखालची खडी थरथरायला लागली. वळणापलीकडून भोंगा आला, लांबलचक, आणि व्हिएनचा उजवा हात आपोआप हवेत उठला, भोंग्याचा दांडा शोधायला.

मग इंजिन दिसलं. त्याने आयुष्य ज्याच्या पोटात बसून काढलं, ते रुळांशेजारून अंगावर येताना कसं दिसतं हे त्याला माहीत नव्हतं. ते सगळी फट भरून आलं. आभाळ गेलं, समोरची घरं गेली. त्याच्या मनात एकच गोष्ट घुमत होती, की वरच्या माणसाला ही पोर दिसत नाही. वरच्याला ही दिसत नाही. त्याने श्वास रोखला, दातावर दात रोवले. इंजिनाचा लाल रंग, गरम तेलाचा वास, वर खिडकीत एक चेहरा. चेहरा ओळखीचा नव्हता, पण त्यावरची भीती ओळखीची होती. आणि खिडकी त्यांच्या पुढे निघून गेली.

घर सुटलं.

व्हिएनचा जीव भांड्यात पडला. त्याने श्वास सोडला, खांदे सैल केले, तेपचा हात सोडला आणि त्या ड्रायव्हरला पाठमोरं बघावं म्हणून एक पाऊल पुढे टाकलं. सारी हयात त्याच्यासाठी प्रत्येक घर याच क्षणी संपलं होतं. इंजिनाच्या मागून डब्यांची अख्खी रांग येत असते, हे त्याला ठाऊक का नव्हतं? ठाऊक होतंच, तोच तर ती ओढत होता. पण भीतीला ते कधी कळलं नव्हतं. भीती इंजिनाबरोबर पुढच्या घरी निघून जायची.

कानाशी वारा कापला गेला. कुणीतरी त्याचा सदरा मागून ओढला, सगळं वजन टाकून ओढला, आणि तो पाठीवर भिंतीत आदळला. पहिल्या डब्याची लोखंडी पायरी, तो जिथे उभा होता तिथून, सणसणत निघून गेली. मग दुसरा डबा. मग तिसरा. ते संपेचनात.

सदरा तेपच्या मुठीत होता. तो ओढण्यासाठी ती भिंत सोडून, रेघ ओलांडून पुढे गेली होती. आता परत टाचा भिंतीला लावून उभी होती.

"अजून संपली नाही, आजोबा," ती म्हणाली. "शेवटचा डबा गेल्यावर संपते."

शेवटचा डबा गेला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पलीकडच्या बाजूचे लोक हसत हसत चपटी बुचं उचलायला धावले. त्यांना काही दिसलंच नव्हतं. न्हानआजीला दिसलं होतं. तिने व्हिएनकडे पाहिलं, चेष्टेचं काहीतरी तोंडावर आलेलं गिळलं, आणि उठून त्याच्यासाठी पाणी आणलं.

थोआ दारातच उभी होती. तिच्या चेहऱ्यावर रक्ताचा टिपूस नव्हता. ती खाली बसली, तेपचे हात, पाय, केस चाचपून पाहिले, पुन्हा पाहिले, आणि मग पोरीला इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरायला लागली. वर जाऊन ती दप्तर घेऊन आली. कपड्यांची पिशवीही भरली होती, एक बाही बाहेर लोंबत होती.

"घेऊन जा हिला, बाबा. आजच. ती रेघ ओलांडून गेली. कधी गेली नव्हती हो."

वर्षभर व्हिएनने हेच शब्द ऐकायचा ध्यास घेतला होता. त्यासाठी भांडला होता, रुसला होता, सेनच्या फोटोपुढे रडलाही होता. आता दप्तर समोर होतं आणि त्याला ते घेववेना. त्याने आपला हात उलटासुलटा करून पाहिला. दुधाचा चिकटपणा अजून बोटांना होता.

"कुणाच्या भरवशावर नेऊ? माझ्या?" त्याने विचारलं. "ती माझ्यापायी पुढे गेली, थोआ. मीच सोडला ना हात तिचा?"

थोआने दप्तर जिन्याच्या पायरीवर ठेवलं. बापाच्या हातात पोर सुरक्षित नाही आणि आपल्या दारातही नाही, हे तिला एकाच गाडीने दाखवलं होतं. वर उदबत्ती केव्हाच विझली होती. तिघं जेवायला बसली. व्हिएन आणि थोआ भात नुसता चिवडत राहिले, फक्त तेप भुकेली होती. तिने कोंबडीची तंगडी हक्काने मागून घेतली. दप्तर जिन्याच्या पायरीवर तसंच पडलं होतं, ना कुणी उचललं, ना कुणी परत वर नेलं.

दिवस कलताना पुन्हा हाक आली. थोआने सवयीने स्टुलं गोळा केली, पाहुण्यांना मागे रेटलं. व्हिएन भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि तेपने त्याचा हात आपणहून पकडला, दोन्ही हातांनी. भोंगा वाजला. थोआ त्या दोघांच्या पुढे, रेघेच्या आत त्यांना खेटून, हात पसरून, रुळांकडे पाठ करून उभी राहिली. गाडी तिच्या पाठीला वारा घालत जात होती आणि ती त्या दोघांकडे बघत डबे मोजत होती. मोजताना तिच्या हनुवटीला कापरं भरलं होतं. अगदी थेट तिच्या बापासारखं, त्याने दातावर दात रोवले की भरायचं तसं.