ओलं आणि सुकं

ओल्या विटांवरच्या शेवाळाचा वास आला की राजेंद्र नगरमधली ती सकाळ आठवते आणि अजूनही डोकं तापतं. इंदूर परिसरात मॉसच्या, म्हणजे भिंतींवरच्या मखमली शेवाळाच्या, कोणत्या जाती कुठे वाढतात यावर माझी पीएचडी चालली होती. मल्हारगंजच्या भिंती असोत की महूचे पूल, चिमूटभर मॉस खरवडायचं, कागदी पाकिटात घालायचं आणि पाकिटावर जागेचं नाव लिहायचं. त्या दिवशी अंघोळ करून आले तर गॅलरीत वाळत ठेवलेली पाकिटं गायब. गल्लीत कचरागाडीचं गाणं वाजत होतं. सासूबाई हात पुसत म्हणाल्या, “सगळं सॉर्ट केलं बरं का. शेवाळ गीले में, कागद सूखे में.” मी धावत जाऊन दोन्ही डबे परत आणले. गाडीवाला म्हणाला, “अम्माजी का कचरा तो एक नंबर रहता है, दीदी.” जाती सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता आल्या, पण कोणतं मॉस कुठलं ते कळायला काही मार्ग उरला नाही. पुढच्या पावसाळ्यात सगळ्या भिंती पुन्हा खरवडल्या. छत्री धरायला सासूबाई आल्या आणि दर पाकिटाला विचारत राहिल्या, “अगं, ओलं कागदात कशाला भरतेस?” आज मी हाच विषय कॉलेजात शिकवते, त्यांना मात्र ते अजून पटलेलं नाही.