सुधारलेला आत्माराम

नेत्रा सामंतला लोकांना प्रश्न विचारायची खोड लहानपणापासूनच होती. परळची चाळ सोडून ती मिरा रोडला राहायला आली, तेव्हा महिन्याभरात अख्ख्या बिल्डिंगची खबर तिच्याकडे होती. एका ट्रॅव्हल कंपनीत ती बरीच वर्षं फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची. कंपनी गुंडाळली गेली, तशी चाळिशी ओलांडल्यावर तिने मानसशास्त्रात एम.ए. केलं आणि भाईंदर पश्चिमेच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक म्हणून लागली. मुलगी अनुष्का म्हणायची, "आई, तू समुपदेशन नाही करत, उलटतपासणी घेतेस."

केंद्र चालवायचे यतीन राऊत. एकेकाळी स्वतः भरपूर प्यायचे, सोडली ती कायमची. दारू सुटली की मन आपोआप जागेवर येतं, हा त्यांचा स्वतःचा अनुभव होता आणि तोच केंद्राचा कायदा. कोणी पिऊन आला तर नाव कमी. कोणी म्हणालं, मला उदास वाटतं, तर आधी दारू सोड, मग बघू.

या कायद्यात न बसणारा माणूस म्हणजे तारोडीचा आत्माराम. पिढीजात मासेमारी करणारं घर, स्वतःची बोट. केंद्रात यायचा, सोडायचा, काही महिन्यांनी पुन्हा पिऊन पडायचा. त्याची बायको दुर्गा त्याला एकदा मनोविकाराच्या दवाखान्यात घेऊन गेली, तर तिथे सांगितलं की आधी दारू सोडवून आणा. केंद्र दवाखान्याकडे बोट दाखवत होतं, दवाखाना केंद्राकडे. मध्ये तो माणूस जायचा-यायचा. शेवटी यायचाच बंद झाला.

"हा नेमका कशामुळे पुन्हा पितो?" नेत्राने यतीनना विचारलं होतं.

"मनाचा निर्धार कमी पडतो. दुसरं काय असणार!"

नेत्राला ते पटलं नाही, पण दुसरं उत्तर तिच्याकडे नव्हतं. म्हणून मिरा रोडला समुपदेशकांसाठी काही महिने दर शनिवारी प्रशिक्षण आहे, विषय व्यसन आणि मानसिक आजार दोन्ही एकत्र असलेले पेशंट, असं कळताच तिने नाव दिलं.

शिकवायला मनोविकारतज्ज्ञ डॉ. समिधा होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "आधी कुठला आजार, यावर भांडू नका. दोन्हींवर एकाच वेळी, एकाच टीमने काम करायचं. आणि पेशंटला दारूचे तोटे सांगत बसू नका, ते त्याला तोंडपाठ असतात. दारू त्याचं नेमकं कुठलं काम करते, ते विचारा."

मग जोड्या पाडल्या. एकाने पेशंट व्हायचं, एकाने समुपदेशक. नेत्रा पेशंट झाली. नावगाव न सांगता तिने मनात आत्मारामला घेतलं. समोर भूपेश नावाचा एका कंपनीतला समुपदेशक होता. त्याने अगदी पुस्तकात शोभेल असं विचारलं, "मग कधी सोडायचं ठरवलंय?"

नेत्राला एकदम राग आला. "सोडली तर झोपू कसा?" ती बोलून गेली.

भूपेश गोंधळला. नेत्राही. हे वाक्य आलं कुठून? मग तिला आठवलं, आत्माराम खरंच एकदा असं म्हणाला होता. सगळेच झोपेचं कारण सांगतात, म्हणून तिने पुढे विचारलंच नव्हतं.

डॉ. समिधांनी तेवढंच पकडलं. "आता उलटं जा. न प्यायलेल्या दिवसांत हा माणूस कसा असतो? कोणी पाहिलंय?"

ते माहीत असणारी एकच व्यक्ती होती. नेत्राने दुर्गाला फोन केला, येऊ का म्हणून विचारलं, आणि उत्तनकडची बस पकडून तारोडीला गेली. दुर्गा अंगणात बोंबील वाळत घालत होती. आत्माराम घरात भिंतीकडे तोंड करून पडलेला.

"केंद्रातून घरी आला, तेव्हा कसा होता?" नेत्राने विचारलं.

"तवा? तवा तर एकदम बरा," दुर्गाचा चेहरा उजळला. "दारूला हात न्हाय. आपली बोट रंगवली, मंग शेजाऱ्याची रंगवली. रात रात जाली विणायचा. दुसरी बोट घ्यायची बोलला, बोलनं थांबतच न्हवतं. गावात लोक बोलले, आत्माराम सुधारला."

"आणि झोप?"

"झोप न्हाय. जरा पन न्हाय. मंग एक दिवस बाटली घेऊन बसला."

नेत्राच्या मनात आलं, सगळ्यांनी ज्याला सुधारणं म्हटलं, ते दुखणंच तर नसेल?

तेवढ्यात आतून आवाज आला. "डोक्यान इंजिन चालू रेतो, बाय. बंद करायचा बटन मना गावत न्हाय. म्हनून पितो. ह्यो आदी कोनी इचारला न्हाय."

निदान करणं हे नेत्राचं काम नव्हतं. तिने त्याला डॉ. समिधांकडे नेलं. त्यांनी दोन-तीन भेटींत सगळी हकीगत ऐकली आणि सांगितलं, मन कधी उंच उसळतं, कधी तळाला जातं, असा आजार आहे. औषध रोजचं. दारू सोडताना त्रास होईल, तेव्हा देखरेखीखाली राहावं लागेल. आणि केंद्रातलं समुपदेशन त्याच वेळी चालू ठेवायचं.

यतीन मात्र अडून बसले. "दोन आजारांची नावं दिली की माणसाला निमित्त मिळतं, नेत्राताई. मला कोणी गोळ्या दिल्या होत्या?"

"तुम्हाला एकच आजार असेल. याला दोन आहेत. सर, एकदा प्रशिक्षणाला येऊन तरी बसा."

ते आले. मागच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसले. पण दुपारच्या चहाला नेत्राने पाहिलं तर ते डॉ. समिधांना गाठून एकामागून एक प्रश्न विचारत होते. केंद्रातून नावं कमी केलेल्या माणसांबद्दल. चहा तसाच गार झाला.

आत्मारामला पुन्हा घेतलं. गोळ्यांनी त्याला झोप लागू लागली. बोटीवर परत जायला लागला. पण होळीच्या सणात मित्रांबरोबर प्यायला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्गाला घेऊन स्वतःच केंद्राच्या दारात उभा राहिला.

"पिलो," तो मान खाली घालून म्हणाला. "पन गोली सोडली न्हाय."

केंद्राचा कायदा भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेला होता. नेत्रा काही बोलणार, तोच यतीन बाहेर आले. मग त्यांनी दोघांना आत नेलं, पाणी दिलं आणि समोर खुर्ची ओढली.

"प्यायच्या आधी झोप कशी होती?" त्यांनी विचारलं.

आत्माराम दुर्गाकडे बघून सांगू लागला. नेत्राने दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या बाकावर बसली. आत जाऊन ऐकायची तिला फार इच्छा होत होती, पण ती उठली नाही.