बाटलीतला कापूस

रेणुकाच्या गोळ्यांची बाटली हलवली तरी वाजत नाही. तिने आत कापूस कोंबला आहे. ती आमच्या गल्लीत धंदा करते, मी दारोदार गजरे विकते. संध्याकाळी गजरा माळण्याआधी ती एक गोळी गिळते, एचआयव्ही होऊ नये म्हणून.

"आजार नाही, तर औषध कशाला गं? गिऱ्हाईक निरोध वापरत नाही वाटतं?" एकदा मी विचारलं.

"न वापरून सांगतो कुणाला, मावशी? नाही म्हणाला तर सरळ जिना दाखवते." मग ती हळू आवाजात म्हणाली, "गोळी रमेशपायी घेते. त्याला निरोध वापर म्हटलं, तर म्हणतो, मी गिऱ्हाईक आहे का? बाटली वाजली, दिसली तर संशय घेतेस म्हणून निघून जाईल. मला तो हवाय, रोग नको."

रमेश तिचा माणूस. तेव्हा तो बाहेर बसून तिच्यासाठी पेरू कापत होता.

मला नवल वाटलं. परक्याला तोंडावर सांगता येतं, आणि आपल्या माणसापासून जपायला कापूस लागतो. मी तर लग्नाची बायको होते. नवऱ्याला कधी काही विचारलं नाही. कशी वाचले कोण जाणे.

रमेशने तिखटमीठ लावलेली फोड आत आणून दिली. रेणुकाने ती चवीने खाल्ली. गोळी आधीच पोटात गेली होती.